वकीलबाईंचं ऑफिस, कोल्हापूर: डिसमिस झालेला भरपाईचा दावा पुन्हा बोर्डावर आणून देतात

आधी तारे सांगून टाकते, ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी. पाचपैकी चार. कापलेला एक तारा कशाचा, ते पुढं येईलच.

नाव लिहीत नाही. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे, आणि माझ्या कौतुकाचा उद्या कुणी भलता अर्थ लावला तर निस्तरायचं त्यांना. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी कामगार संघटनेच्या एखाद्या जुन्या माणसाला विचारावं. मलाही तसाच पत्ता लागला.

काम काय होतं ते सांगते. माझा धाकटा भाऊ इथल्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात एका छोट्या शेडमध्ये पॉवर प्रेसवर होता. 2021 च्या मार्चमध्ये उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. वय 35, पगार बारा हजार. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं, हे खरं. पण नंतर "पन्नास हजार देतो, या कागदावर सही कर" म्हणून माणूस घरी पाठवला. भावानं सही केली नाही. (केली असती तरी तो कागद फुकटच होता. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या कलम 17 प्रमाणं रद्दबातल असतो. हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.) 2022 मध्ये एका वकिलांमार्फत कामगार न्यायालयात, म्हणजे भरपाई आयुक्तांपुढं, दावा लावला. दोन वर्षांची मुदत असते, त्याच्या आत.

ते पहिले वकील. त्यांच्याबद्दल एवढंच, की त्यांनी सुरुवातीला "जे मिळेल त्याचे वीस टक्के" असं ठरवून घेतलं आणि "तुम्ही यायची काही गरज नाही, मी बघतो" हे वाक्य ऐकवत राहिले. भाऊ नंतर चाकणला वॉचमनच्या कामावर गेला. दावा 2024 च्या फेब्रुवारीत डिसमिस झाला आणि आम्हाला ते जुलैत कळलं. तेही वकिलांकडून नाही. माझ्या चटणी कुटायच्या डंकावर येणाऱ्या एका गिऱ्हाईकाच्या पोरानं मोबाईलवर ई-कोर्ट्सचं ॲप उघडून दाखवलं. ते ॲप फुकट आहे. फक्त एक लक्षात ठेवा: कामगार न्यायालयाचं काम बघायचं असेल तर जिल्ह्यांच्या यादीत कोल्हापूर निवडून उपयोग नाही, औद्योगिक आणि कामगार न्यायालयांचं वेगळं नाव आहे तिथं जायचं. प्रत्येक केसचा स्वतःचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर असतो, तो हाताशी असेल तर ही शोधाशोधही नको. आमच्याकडं नंबर नव्हता. कुणी दिलाच नव्हता. भावाच्या नावावरून शोधलं, तर शेवटी इंग्रजीत निकाली, आणि कारण 'डिसमिस्ड इन डिफॉल्ट'.

घरात सगळ्यांचा समज असा झाला की केस हरलो.

बाईंच्या ऑफिसात पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी हाच समज पहिल्यांदा झाडून काढला. "हरला नाहीत. तुमचं कुणी ऐकलंच नाही अजून. हजर नव्हता म्हणून फाईल बंद केली." मग त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले आणि मला पटलं की या बाईंना काम कळतंय. पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापत होते का? (कापत असते, तर या कायद्याखाली दावाच चालत नाही, विमा महामंडळाकडं जावं लागतं. शेडमध्ये सातजण कामाला, त्यामुळं ईएसआय नव्हतं.) पगार रोख की बँकेतून? अपघाताच्या दिवशी केसपेपरवर काय लिहिलंय? आणि मग: "ज्या दिवशी डिसमिस झालं, त्या दिवशीचा रोजनामा आहे का?"

रोजनामा. दोन वर्षं केस चालवून हा कागद आम्ही पाहिलाही नव्हता. कोर्टात प्रत्येक तारखेला काय झालं, कोण हजर, कोण गैरहजर, कुणी मुदत मागितली, हे त्यात लिहिलेलं असतं. बाईंनी त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकला. नक्कल हातात आल्यावर त्यांनी सगळ्यात आधी एकच ओळ शोधली: त्या दिवशी मालकाचे वकील हजर होते का? होते. यावर पुढचं सगळं ठरतं, असं त्यांनी समजावलं. भरपाईच्या कामांना दिवाणी प्रक्रिया संहितेतली ऑर्डर 9 लागू आहे. दोन्ही बाजू गैरहजर असतील तर नियम 3 खाली दावा निघतो, आणि मुदत शिल्लक असेल तर नवा दावाही लावता येतो. समोरची बाजू हजर आणि आपण गैरहजर, तर नियम 8. मग त्याच कारणासाठी नवा दावा लावायची वाट बंद. नियम 9 खाली जुनाच दावा पुन्हा उघडून घ्यावा लागतो, 'पुरेसं कारण' दाखवून, आणि तेही 30 दिवसांत. आमचे 30 दिवस मार्चमध्येच संपलेले. म्हणून अर्ज दोन: एक दावा पुनर्स्थापित करण्याचा, दुसरा विलंब माफीचा.

हे सगळं त्यांनी कागदाच्या पाठीवर बाण काढून सांगितलं. भावाला समजलं. मलाही समजलं, आणि मी दहावीपर्यंत शिकलेली बाई आहे.

आता खरं कौतुक कशाचं ते. मला वाटलं होतं, आता बाई कोर्टात उभं राहून सांगतील की आधीच्या वकिलांनी फसवलं आणि काम होईल. त्या म्हणाल्या, नुसतं एवढं पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1981 मध्ये रफीक विरुद्ध मुन्शीलाल या निकालात म्हटलंय की वकिलाच्या चुकीची शिक्षा निष्पाप पक्षकाराला नको, आणि तो निकाल आजही सगळेच दाखवतात. पण 2024 मध्ये त्याच न्यायालयानं उलट बाजूनंही सुनावलंय: सगळं वकिलावर ढकलून पक्षकाराला हात झटकता येत नाहीत, आपल्या केसकडं लक्ष ठेवणं हे त्याचंही काम आहे. तेव्हा भावानं लक्ष ठेवलं होतं, हे दाखवायला हवं. मग बाईंनी आमच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली. भावानं जुन्या वकिलांना केलेले फोन, त्यांची मोबाईलमधली यादी. व्हॉट्सॲपवर "साहेब तारीख काय आहे" असे पाठवलेले मेसेज आणि खाली त्यांचा अंगठा. फी दिल्याची जीपेची नोंद. चाकणच्या एजन्सीचं नेमणुकीचं पत्र, म्हणजे तो त्या काळात कुठं होता ते कळावं. शपथपत्रात नाटकी एक वाक्य नव्हतं. तारखा आणि कागद, बस्स. मी भावाला म्हटलं, अरे ह्यात रडायला काहीच ठेवलं नाही. बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "ताई, रडणं कोर्टात रोज येतं. कागद क्वचित येतात."

जुन्या वकिलांकडची फाईल सोडवणं ही वेगळी कसरत. "आधी बाकी फी द्या, मग कागद." बाईंनी त्यांना एकच फोन केला आणि शांतपणे सांगितलं की फीसाठी पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं 2000 सालीच निकाल दिलाय. फाईल आली, दुसरा वकील नेमायला ना हरकतही आली. पण इथंच माझा एक तारा अर्धा गळला. मला त्या वकिलांविरुद्ध महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडं तक्रार करायची होती. बाईंनी ते काम घेतलं नाही. "तुमचा हक्क आहे, फॉर्म कुठं मिळतो ते सांगते, पण लिहून मी देणार नाही." रोज त्याच बाररूममध्ये चहा प्यायचा असतो, हे मी समजू शकते. पण कामगाराच्या बाजूनं एवढं ठाम बोलणाऱ्या बाईंनी इथं मागं सरावं हे मला आवडलं नाही. आवडलं नाही म्हणजे नाही.

उरलेला अर्धा तारा जिन्याचा. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिन्यात दिवा कधी असतो कधी नसतो. ज्या ऑफिसात येणारी निम्मी माणसं कुबडी घेऊन किंवा प्लास्टर घालून येतात, तिथं हे बरं दिसत नाही. बसायला बाकडं एकच. संध्याकाळी सहाची वेळ दिली तरी सातशिवाय नंबर लागत नाही. आणि बाईंचा आवाज. पहिल्या दिवशी मला वाटलं आमच्यावर चिडल्यात. नंतर कळलं, त्या स्वतःच्या मुलाशीही फोनवर तशाच बोलतात.

फी. ठरलेली, टप्प्याटप्प्यानं, आणि आधी लिहून दिलेली. पुनर्स्थापनेच्या दोन्ही अर्जांचे मिळून सहा हजार, नकला आणि टायपिंगचा खर्च वेगळा. पुढं दाव्याचे पुरावा आणि युक्तिवाद असे दोन हप्ते. टक्केवारी विचारली तर त्या चक्क उठून उभ्या राहिल्या. निकालातल्या रकमेवर टक्का ठरवून काम घेणं वकिलांना नियमानं मनाई आहे म्हणे. पावती मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही. मागितली की लगेच मिळते, त्यामुळं तारा कापत नाही, नुसतं नोंदवते.

अर्ज दिल्यावर मालकाचे वकील लेखी म्हणणं द्यायलाच तीन तारखा मागत राहिले. मग म्हणणं आलं: अर्जदार निष्काळजी आहे, आता साक्षीदार सापडणार नाहीत, रजिस्टरं राहिली नाहीत. बाईंनी यावर युक्तिवाद फार लांबवला नाही. फक्त हे दाखवलं की सामनेवाल्यानं तोवर दाव्यात एकही साक्षीदार तपासला नव्हता, तर हरवला कोण? आणि हेही, की कलम 25-अ प्रमाणं असं काम तीन महिन्यांत निकाली काढायचं असतं, इथं दोन वर्षांत पुराव्यापर्यंतही गाडी आली नव्हती, तीही दोघांच्या तारखा धरून. 2025 च्या सुरुवातीला हुकूम झाला: विलंब माफ, दोन हजार रुपये खर्च समोरच्या बाजूस द्यावा, दावा मूळ नंबरावर घ्यावा. बाईंना धास्ती होती की मधल्या काळाचं व्याज मिळणार नाही अशी अट पडेल. कधी कधी पडते. पडली नाही.

ती धास्ती का, ते आकड्यात सांगते, कारण हिशेब हा माझा प्रांत आहे. बाईंनी पहिल्याच आठवड्यात हिशेब लिहून दिला होता, जुन्या वकिलांनी कधीच दिला नव्हता. कायद्यानं पगार धरायची कमाल मर्यादा जानेवारी 2020 पासून 15,000. भावाचा पगार 12,000, म्हणजे पूर्ण धरायचा. त्याचे साठ टक्के 7,200. वय 35 ला कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात गुणक 197.06. गुणाकार 14,18,832. एका हाताची दोन बोटं गेली तर पहिल्या परिशिष्टाप्रमाणं कमाई क्षमतेचं नुकसान 20 टक्के, म्हणजे 2,83,766 रुपये. वर बारा टक्के व्याज, वर्षाला सुमारे 34 हजार. शिवाय मालकानं कारण नसताना पैसे थकवले असतील तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड, तो आयुक्तांच्या मर्जीवर. डंकावर पाच किलो मिरचीत मीठ किती हे जसं मला तोंडपाठ, तसं बाईंना हे परिशिष्ट. ज्याला पन्नास हजारांत सही करायला सांगितली होती त्याच्यापुढं हा कागद ठेवला, तेव्हा तो बराच वेळ गुणाकार पुन्हा करून बघत होता.

वीस टक्क्यांच्या वर जाता येईल का, हेही मी विचारलं. कारण उजवा हात, आणि प्रेसवर तो आता उभाच राहू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 1976 सालचा एक निकाल आहे, एका सुताराचा डावा हात गेला तेव्हा सुतारकामापुरता तो शंभर टक्के निकामी धरला. बाई म्हणाल्या, मागू. डॉक्टरांना साक्षीला बोलवू, सीपीआर या इथल्या सरकारी दवाखान्याचा अपंगत्वाचा दाखला लावू. पण आशा लावून घेऊ नका, तुमचा भाऊ आज वॉचमनचा पगार घेतोय आणि ते समोरचे सांगणारच. मला हे असलं रोखठोक बोलणं परवडतं. आधीचे म्हणायचे, "दहा लाख कुठं जात नाहीत."

यानंतरचं काम सरळ नाही, पण बाईंच्या हातात सुटसुटीत झालं. मालकाचं म्हणणं होतं, हा आमचा कामगारच नाही, लोखंड उतरवायला आला होता. बाईंनी भावाच्या बँकेचं स्टेटमेंट काढायला लावलं. दर शनिवारी मालकाच्या बायकोच्या फोनपेवरून पैसे आलेले, वर्षभर. लोखंड उतरवणाऱ्याला दर शनिवारी कोण देतं? आणि दवाखान्याच्या केसपेपरवर पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं, प्रेसमध्ये हात अडकून, आणि 'सोबत आणणारा' या रकान्यात मालकाचं नाव.

उलटतपासाची तयारी मात्र बघण्यासारखी होती. बाईंनी भावाला समोर बसवून मालकाचा वकील होऊन विचारलं: "मशीनचा गार्ड तूच काढलास ना? काम पटापट व्हावं म्हणून?" भाऊ गडबडला. "सगळेच काढतात" म्हणणार होता. बाईंनी हात वर केला. या प्रश्नावर अर्धी केस असते, असं त्यांनी सांगितलं. कामगारानं सुरक्षेची वस्तू मुद्दाम काढली हे सिद्ध झालं, तर मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व सोडून इतर दुखापतीत मालकाची जबाबदारी उडते. "खरं काय ते सांग. त्या मशीनला गार्ड होता का?" नव्हताच. त्यानं त्या मशीनवर गार्ड कधी बघितलेलाच नव्हता. "मग 'सगळे काढतात' कशाला म्हणतोस? जे बघितलं तेच बोल." कोर्टात नेमका तोच प्रश्न आला. भावानं सांगितलं, त्या मशीनला गार्ड नव्हता. पुढचा प्रश्न आला नाही.

तारखा कळवण्याबद्दल लिहायला हवं, कारण आमचं सगळं बिघडलं होतं ते तिथंच. या ऑफिसात वही आहे, आणि कारकूनमामा आहेत. मामा प्रत्येक तारखेच्या आदल्या संध्याकाळी फोन करतात आणि तारीख झाली की त्या दिवशी काय झालं ते व्हॉट्सॲपवर टाकतात. इंग्रजीत टाकतात, "एडीजे (म्हणजे काम पुढं ढकललं), नेक्स्ट डेट अमुक", हे मला खटकतं. मराठीत टाकायला काय होतं? पण येतं. बाई स्वतः नसतील तर कोण उभं राहणार त्याचं नाव येतं. सीएनआर नंबर त्यांनी पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि म्हणाल्या, आमच्यावरही विश्वास ठेवू नका, बघत जा. आता भाऊ चाकणहून रात्रपाळीत बघतो. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामांच्या यादीत, आपलं काम आहे का, कितव्या नंबरावर आहे, सगळं.

21 नोव्हेंबर 2025 ला नव्या श्रमसंहिता लागू झाल्या तेव्हा मी घाबरून रात्री फोन केला होता, की 1923 चा कायदाच गेला तर आमचं काय. रात्री फोन केल्याबद्दल दोन शब्द ऐकून घेतले. मग त्यांनी सांगितलं की अपघात जुन्या कायद्यातला, दावाही त्याच कायद्यातला, तो तसाच चालेल. आणि उद्या निकाल विरोधात गेला किंवा मालक अपिलात गेला, तर आता मुंबईची फेरी नाही, ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं कोल्हापुरातच आहे. अपिलात जायचं तर मालकाला ठरलेली रक्कम आधी जमा करावी लागते, हे ऐकून मी फोन ठेवला आणि झोपले.

सध्या भावाची साक्ष संपलीय, डॉक्टरांची बाकी आहे. त्यांना समन्स काढलंय. निकाल लागला नाही, म्हणून या ऑफिसला पाच तारे देता येत नाहीत असं मला दोघांनी सांगितलं. मी तारे निकालाला देत नाही, कामाला देते. निकाल आयुक्तांच्या हातात.

जाणाऱ्यांसाठी: बाई कोर्टाच्या दिवशी सहानंतरच भेटतात, शनिवारी सकाळी गर्दी कमी. मूळ कागद दाखवा, पण झेरॉक्सच ठेवून या, त्या स्वतःच मूळ परत देतात. बँकेचं स्टेटमेंट आधीच काढून न्या, नाहीतर पहिल्या भेटीत तेवढ्यासाठी परत पाठवतात. बरोबर आलेल्या म्हाताऱ्या माणसाला खाली चहाच्या टपरीवर बसवा, जिना वर सांगितलाय तसाच आहे.